पावसाळ्यानंतर जुन्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स: तेल तपासणं, बदलणं, भरणं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर आमच्या जुन्या पद्मिनी गाडीचं स्टिअरिंग ढिलं वाटायला लागलं. गॅरेजमध्ये दाखवली. मेकॅनिकने बॉनेट उघडून स्टिअरिंग बॉक्सवरचा एक स्क्रू अर्धा फेरा आवळला आणि प्ले, म्हणजे स्टिअरिंगचा सैलपणा, गेला. पाच मिनिटांचं काम. दोन दिवसांनी कोल्हापूरहून परतताना आंबा घाट उतरत होतो. साखरप्याकडच्या एका वळणावर चाक फिरवलं, वळण संपलं, हात सैल केला, तर स्टिअरिंग परत सरळ येईना. ओढून आणावं लागलं. उरलेली सगळी वळणं तशीच, दोन्ही हातांनी चाक ओढत उतरलो. घरी येऊन बॉक्सचा प्लग उघडला तेव्हा आत तेल नव्हतंच. तळाशी काळपट राड आणि गंजाचं तांबडं पाणी होतं. ढिलाईचं कारण कोरडेपणा होता आणि इलाज झाला होता आवळण्याचा.

तेव्हापासून दरवर्षी नवरात्र ते दिवाळी या दिवसांत हे काम मी स्वतः करतो. पाऊस परतलेला असतो, अंगण वाळलेलं असतं. काम अवघड नाही, एका सकाळचं आहे. पण क्रम चुकला तर नुकसान होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आपल्या गाडीला बॉक्स आहे का ते बघा

सगळ्या जुन्या गाड्यांना स्टिअरिंग बॉक्स नसतो. अँबॅसडरला आणि मारुती ८०० ला रॅक आणि पिनियन आहे. गाडीच्या खाली आडवी लांब नळी, तिच्या दोन्ही टोकांना घड्या असलेले रबरी बूट दिसले, तर तो रॅक. त्याची निगा वेगळी, आणि हा लेख त्यासाठी नाही. बॉक्स म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला बसवलेला, साधारण सोललेल्या नारळाएवढा ओतीव लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा गोळा. त्यातून एक जाड शाफ्ट बाहेर येतो आणि त्याला एक हात लोंबतो, तो ड्रॉप आर्म. पद्मिनी, जुन्या महिंद्रा जीप, मारुती जिप्सी या गाड्यांना असा बॉक्स आहे.

आतली रचना प्रत्येकाची निराळी. पद्मिनीत स्टिअरिंगच्या दांड्यावर वर्म म्हणजे आटे असलेला जाड स्क्रू असतो आणि तो ड्रॉप आर्मचा शाफ्ट फिरवतो. जुन्या सीजे-३बी जीपमध्ये रॉस कंपनीच्या पद्धतीचा कॅम आणि लिव्हर. कॅमच्या नागमोडी खाचेत निमुळते खुंटे घासत पुढे-मागे सरकतात. जिप्सीत स्क्रू आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरत राहतात. तिन्हींत एक गोष्ट समान: खूप दाबाखाली धातूवर धातू चालतो, तोही फार हळू. इंजिनासारखा इथे तेलाचा पंप नाही. जे तेल बॉक्समध्ये भरलेलं असतं तेवढ्यावरच सगळं चालतं, आणि ते संपलं तर सांगणारा दिवा डॅशबोर्डवर नाही.

तेल की ग्रीस

याच प्रश्नावर सगळ्यात जास्त बॉक्स वाया गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो.

बॉक्समधून तेल गळायला लागलं की पुष्कळ जण प्लग काढून सांध्यांना देतात ते साधं चासी ग्रीस दाबून भरतात. गळणं थांबतं, मालक खूश. पण आत काय होतं? आंब्याचा रस आटवताना तो घट्ट झाला की कालथा फिरवल्यावर त्याची खाच तशीच राहते, रस परत मिळून येत नाही. ग्रीसचं तेच. वर्म दोन-चार वेळा फिरला की त्याच्या वाटेतलं ग्रीस बाजूला सारलं जातं, भिंतींना चिकटून बसतं आणि परत येत नाही. बॉक्स ग्रीसने भरलेला असतो आणि दाते मात्र कोरडे घासतात. वरचं बेअरिंग तर पहिल्या दिवसापासूनच उपाशी.

म्हणून गिअर ऑइलच भरायचं. मेकॅनिक ज्याला नव्वद नंबर तेल म्हणतात ते एसएई ९०, डब्यावर ‘ईपी’ (म्हणजे जास्त दाब सोसणारं) लिहिलेलं. मॅन्युअल जपून ठेवलं असेल तर त्यात दिलेला नंबर अंतिम. माझा कल जीएल-४ दर्जाच्या तेलाकडे आहे. जीएल-५ तेलात दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त प्रमाणात असतात. ती पितळ किंवा कांशाच्या बुशला (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीला) खाऊ शकतात, आणि जुन्या बॉक्समध्ये असे बुश असतात. डब्यावर बारीक अक्षरात दर्जा छापलेला असतो. दुकानदाराला विचारण्यापेक्षा स्वतः वाचा.

मधला एक मार्ग आहे: पातळ ग्रीस, एनएलजीआय ०० दर्जाचं, दुकानात डबल झिरो म्हणून मिळतं. ते दह्यासारखं सैल असतं आणि सरकवलं तरी हळूहळू परत वाहून येतं. ऑइल सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी) गळतंय, नवं मिळेपर्यंत गाडी चालवायची आहे, अशा वेळी ते चालतं. कायमचा उपाय म्हणून नाही.

काय जमवायचं

अर्धा लिटर गिअर ऑइल पुरतं. लहान गाड्यांच्या बॉक्समध्ये त्याहून कमीच मावतं. औषधाच्या दुकानातून ५० मिलीची मोठी सिरिंज आणि तिच्या टोकावर घट्ट बसेल अशी हातभर पातळ प्लॅस्टिकची नळी घ्या. जुन्या बॉक्सपैकी पुष्कळांना खाली ड्रेन प्लग नसतो, तेल वरूनच ओढून काढावं लागतं, आणि तिथे ही सिरिंजच कामाला येते. शिवाय प्लगला नेमका बसणारा रिंग पाना, तारेचा ब्रश, डिझेल, सुती चिंध्या, लोहचुंबकाचा तुकडा, खडू आणि जुना तेल झेलायला पसरट डबा. प्लगखालचा वायसर तांब्याचा किंवा फायबरचा असतो. नवा आणून ठेवा, दोन-पाच रुपयांसाठी काम अडतं.

जॅक, दोन लोखंडी घोड्या आणि चाकाला लावायच्या उटी हव्यातच. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्याकडे कोकणात अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतात आणि गाडीखाली चिरा सारायची सवय घरोघरी आहे. असं कधीही करू नका. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी पिऊन तो आणखी ठिसूळ होतो, आणि एका बिंदूवर वजन आलं की आधी न सांगता फुटतो. घोड्या नसतील तर कोणाच्या तरी मागून आणा. जॅकखाली जाड फळी ठेवा. नाहीतर नुकत्याच वाळलेल्या मातीत जॅक तिरका रुततो.

उघडण्याआधीची परीक्षा

गाडी जमिनीवर, चाकं सरळ, इंजिन बंद. घरातल्या कोणाला तरी आत बसवा आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे हळूच हलवायला सांगा, चाकं वळतील इतकं नाही, फक्त सैलपणा संपेपर्यंत. स्टिअरिंगच्या चाकाच्या कडेवर खडूने खूण केली की हा प्ले नीट मोजता येतो. जुन्या गाडीत कडेवर इंचभर प्ले मी चालवून घेतो. त्याहून बराच जास्त असेल तर शोध घ्यायचा.

तुम्ही स्वतः बॉनेटपाशी किंवा खाली बघत राहा. स्टिअरिंगचा दांडा हलतोय पण ड्रॉप आर्म स्थिर, तर सैलपणा बॉक्समध्ये आहे. ड्रॉप आर्म हलतोय पण चाक हलत नाही, तर दोष बॉक्सपासून चाकांपर्यंतच्या सांध्यांत: टाय रॉड एंडमध्ये, आयडलर आर्ममध्ये किंवा किंगपिनमध्ये. आणि आर्म हलताना बॉक्सच आख्खा चासीवर डुलत असेल, तर त्याचे माउंटिंग बोल्ट सैल आहेत. खाऱ्या वाऱ्यात बोल्ट बाहेरून शाबूत दिसतात आणि आतून गंजून बारीक झालेले असतात, म्हणून पाना लावूनच खात्री करा. ज्या वेळी लोक बॉक्सला दोष देतात त्यातल्या निम्म्या वेळी तरी दुखणं मला या बाहेरच्या सांध्यांतच सापडलं आहे.

प्लग शोधणं

आता पुढची चाकं उचला. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावा, पुढून जॅक देऊन गाडी घोड्यांवर टेकवा आणि एकदा जोरात हलवून बघा. चाकं अधांतरी असली की स्टिअरिंग हलकं फिरतं आणि आतल्या दात्यांवर भार येत नाही.

बॉक्सवर वर्षाची तांबडी माती, तेल आणि मीठ यांचा थर बसलेला असतो. तो तारेच्या ब्रशने आणि डिझेलच्या चिंधीने पूर्ण काढा. प्लग उघडल्यावर वरून मातीचा एक कणही आत पडता कामा नये, कारण आतून तो निघून जायला वाट नाही.

साफ झालं की बॉक्सच्या वरच्या झाकणावर बहुधा दोन गोष्टी दिसतात. एक भरायचा प्लग, षटकोनी डोक्याचा. दुसरा एक स्क्रू, डोक्यावर पेचकसाची खाच आणि भोवती तो जागी धरून ठेवणारा चेक नट. हा दुसरा म्हणजे ॲडजस्टिंग स्क्रू. पहिल्यांदा काम करणारे यालाच प्लग समजून सोडवतात. त्याला हात लावायचा नाही. खात्री नसेल तर मॅन्युअलमधलं चित्र बघा किंवा जाणत्याला दाखवा.

प्लग गंजून अडकला असेल तर आदल्या संध्याकाळी डब्ल्यूडी-४० किंवा तसंच काही मारून ठेवा. सकाळी पान्यावर हलके ठोके द्या. झाकण ॲल्युमिनियमचं असेल तर जोर लावू नका, आटे निघून येतात.

जुनं तेल काय सांगतं

नळी आत सोडून पहिली सिरिंज ओढा आणि पांढऱ्या कागदावर थोडं तेल सोडा.

काळं पण एकजीव तेल म्हणजे ते फक्त जुनं झालंय. दुधाळ, कॉफीच्या रंगाचं तेल म्हणजे पाणी शिरलं आहे. थोडकं पाणी नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी बाहेर उघड्यावर, निरुपयोगी पत्र्याचं झाकण तापवून त्यावर एकच थेंब टाका आणि लांब उभे राहा. तडतडला तर पाणी आहे. स्वयंपाकाचा तवा या कामाला वापरू नका.

मग चुंबक तेलातून फिरवा. त्याला करडा, मऊ लेप लागला तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा चकत्या आल्या तर बॉक्स उघडून बघावा लागेल, नुसतं तेल बदलून भागणार नाही. चुंबकाला न लागणारी सोनेरी चमक दिसली तर बुश खाल्ला जातोय.

पाणी येतं कुठून? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचा पूर चिपळुणात घुसला तेव्हा आमच्या नात्यातली एक जिप्सी रात्रभर पाण्यात उभी होती. नंतर इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, सगळ्यांची तेलं बदलली. स्टिअरिंग बॉक्स कोणाच्या ध्यानातच आला नाही. ऑक्टोबरात उघडला तेव्हा आतून कॉफीसारखं तेल निघालं आणि शाफ्टला गंजाचे खड्डे पडलेले होते. गाडी बुडाली नसली तरी निर्धास्त राहू नका. गरम बॉक्सवर अचानक थंड पाणी आलं की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. साचलेल्या रस्त्यातून, ओढ्यातून गाडी काढताना नेमकं हेच होतं. बॉनेटच्या फटीतून गळणारं पाणी दांड्यावरून उतरूनही बॉक्सच्या तोंडाशी पोचतं. आणि गाडी समुद्राच्या वाळूत उतरवणाऱ्यांना काय सांगावं, गोड्या पाण्याला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी आधी खारं पाणी शाफ्टला खड्डे पाडतं.

रिकामा करणं आणि धुणं

सिरिंजने जमेल तितकं ओढा. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि परत ओढा. दर फेरीला कोपऱ्यात अडकलेलं तेल खाली उतरतं. टोकाला नेऊन आपटू नका. चाकं अधांतरी असताना झटका सरळ बॉक्सला बसतो.

नुसतं जुनं तेल असेल तर एवढ्यावर भागतं. पाणी किंवा ग्रीस निघालं तर धुवावं लागतं. ग्रीस आधी वाकवलेल्या तारेने, चमच्याच्या दांड्याने निघेल तेवढं काढा. मग थोडं डिझेल ओता, स्टिअरिंग दहा-बारा वेळा फिरवा, ओढून काढा. स्वच्छ येईपर्यंत पुन्हा तेच. यानंतर लगेच शेवटचं तेल भरू नका. मागे राहिलेलं डिझेल नव्या तेलाला पातळ करतं. थोडं गिअर ऑइल घालून, फिरवून, तेही ओढून टाका. पाणी जास्त असेल तर प्लगच्या भोकावर स्वच्छ कापड बांधून गाडी दुपारभर उन्हात ठेवा. ऑक्टोबरची हीट आपल्याकडे या कामाला उत्तम.

काढलेलं तेल परसात ओतू नका, पोफळीच्या आळ्यात तर मुळीच नाही. जांभ्यातून ते थेट विहिरीत झिरपतं. डब्यात भरून, जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

भरणं

नव्वद नंबर तेल घट्ट असतं आणि घाई केली की वर बुडबुडा अडकून तेल भोकातून बाहेर येतं. बॉक्स भरला असं वाटतं आणि प्रत्यक्षात अर्धा रिकामा असतो. तेलाचा डबा गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, तेल धावायला लागतं. मग सिरिंजने ५० मिली सोडा, थांबा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना सावकाश फिरवा, पुन्हा ५० मिली. जुन्या जीपच्या बॉक्सला हा धीर जास्त लागतो. तेल दांड्याच्या वरच्या बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ घेतं.

काही गाड्यांत प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल हवं असतं, काहींत त्याहून थोडं खाली. मॅन्युअलमधलं माप पाळा. मॅन्युअल नसेल तर काठोकाठ भरू नका. तेल तापून फुगतं, त्याला जागा नसली की सीलमधून वाट काढतं, आणि मग सील खराब झालं म्हणून आपण विनाकारण धावाधाव करतो. भरून झाल्यावर अर्धा तास चहा-पाणी करा आणि पातळी परत बघा, बहुतेक वेळा उतरलेली असते. नवा वायसर घालून प्लग बसवा. घट्ट, पण अंगातलं सगळं बळ लावून नाही.

गाडी घोड्यांवर आहे तोवर निप्पल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) असलेल्या सगळ्या सांध्यांना ग्रीस गनने ग्रीस द्या: टाय रॉड एंड, आयडलर आर्म, किंगपिन. इथे मात्र चासी ग्रीसच हवं. जुनं, मातकट ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत मारा. निप्पल बुजलं असेल तर बदला, त्यावर जोर काढू नका.

ॲडजस्टिंग स्क्रूबद्दल

तेल भरून शे-दोनशे किलोमीटर चालवा, मगच प्लेचा विचार करा. कोरड्या बॉक्समधली पुष्कळ ढिलाई आणि खरखर तेलाने कमी होते. त्यानंतरही बॉक्समध्येच प्ले उरला, बाहेरचे सांधे ठीक आहेत, तेव्हाच स्क्रूकडे वळायचं.

हे बॉक्स अशा घडणीचे असतात की चाकं सरळ असताना दाते सगळ्यात घट्ट बसतात आणि वळणात थोडे सैल होतात. सरळ रस्त्यावर गाडी स्थिर राहावी म्हणून ही योजना. म्हणून चाकं वळलेल्या स्थितीत स्क्रू आवळला की मधोमध आल्यावर बॉक्स जाम होतो. माझ्याबरोबर आंबा घाटात झालं ते याच जातीचं. चाकं अगदी सरळ ठेवा, चेक नट सोडवा, स्क्रूला घड्याळाच्या पाच मिनिटांइतकंच फिरवा, चेक नट आवळा आणि अधांतरी चाकांवर स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा. मधे कुठे जरा जरी जड लागलं तर मागे घ्या. थोडा प्ले राहू द्या. घट्ट बॉक्सपेक्षा किंचित सैल बॉक्स घाटात बरा.

गळत असेल तर

गळती बहुधा ड्रॉप आर्मच्या शाफ्टवरच्या ऑइल सीलमधून असते. ते सील बेअरिंगच्या दुकानात आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या मापांवर मिळतं. पण ते बदलायला ड्रॉप आर्म काढावा लागतो आणि तो फक्त पुलरने, म्हणजे ओढून काढायच्या अवजारानेच, काढायचा. हातोडीने ठोकून काढणारा मेकॅनिक असेल तर गाडी तिथून हलवा. तो प्रत्येक घाव शाफ्टवरून आतल्या दात्यांना आणि बेअरिंगना बसतो. काढण्याआधी आर्म आणि शाफ्टवर एकमेकांसमोर खूण करून घ्या. शाफ्टवर सीलच्या जागी गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही टिकणार नाही, ते आधी टर्नरला दाखवा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादेमुळे बंद झाली. पद्मिनीवाल्यांनी यापुढे नवा बॉक्स सहज मिळेल या भरवशावर राहू नये, आहे तोच सांभाळावा.

शेवटी गाडी खाली घेऊन आधी मोकळ्या मैदानात, मग ओळखीच्या रस्त्यावर हळू चालवा. प्रत्येक वळणानंतर हात सैल करून बघा, चाक आपणहून सरळ येतंय ना. रात्री गाडी उभी करताना बॉक्सखाली कोरा पुठ्ठा ठेवा आणि सकाळी त्यावर डाग आहे का पाहा. तारीख, किलोमीटर आणि तेलाचा नंबर कागदावर लिहून प्लगजवळ बांधा. पुढचा पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, फक्त प्लग उघडून पातळी बघायची.